मोटारीची मालकी केव्हा बदलते?

जुनी मोटार विकून पैसे घेतले व किल्ली हाती दिली की व्यवहार पुरा झाला, असा सामान्य समज आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक पायरी उरतेच. चंदीगडजवळील एअरोसिटी ही वसाहत पंजाबात मोडते. चंदीगड केंद्रशासित आहे, हरियाणाही जवळच. अशा ठिकाणी ही पायरी विशेष ध्यानात ठेवावी.

१९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५० व्या कलमान्वये विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास हस्तांतर कळवावयाचे असते. गाडी परराज्यात नोंदलेली असल्यास विक्रेत्यास ४५ दिवसांची मुदत मिळते. मात्र ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

हयगयीचे फळ काय? एक मोटार २००७ पासून हातोहात विकली गेली. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. २००९ मध्ये तिच्या अपघातात एक बळी गेला. चंदीगड येथील उच्च न्यायालयाने पहिल्या मालकास मुक्त केले. परंतु २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधीत हिंडू नये, हे त्यामागील तत्त्व होय.

म्हणून गाडी गेली तरी नोंदीतून नाव जाईपर्यंत विक्रेत्याने निश्चिंत होऊ नये.