फळा अंधुक दिसतो, पण नंबर नाही

मुलाने फळ्यावरचे दिसत नाही म्हटले की पालक तडक चष्म्याच्या दुकानात जातात. बहुधा कारण नंबरच असते. परंतु डोळ्यामागून निघणारी नस दृष्टी मेंदूपर्यंत नेते. बिघाड तिच्यात असेल तर कितीही भारी चष्मा उपयोगाचा नाही.

घरी एक परीक्षा करता येते. जाड पुठ्ठ्याला टाचणीने बारीक छिद्र पाडावे. मुलाने एक डोळा झाकून दुसऱ्याने त्यातून भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. अक्षरे स्पष्ट झाली तर प्रश्न बहुधा नंबराचा. नाही झाली तर दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सकाळी डोके दुखणे, उलटी आणि एकाचे दोन दिसणे असे एकत्र आढळले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेंदूवर दाब वाढल्याची ती खूण असू शकते.

औषधांनीही नस दुखावते. आपल्या देशातील परिचित उदाहरण क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉलचे. नेहमीच्या 6 महिन्यांच्या उपचारात ते असते. थोड्या रुग्णांत, बहुधा 2 महिन्यांनंतर, दोन्ही डोळ्यांची नजर न दुखता मंदावते आणि लाल-हिरवे ओळखणे अवघड जाते. मूत्रपिंड कमजोर असल्यास धोका अधिक. गंमत अशी की, सोबतच्या रिफाम्पिसिनने लघवी व अश्रू नारिंगी होतात, लोक त्यालाच घाबरतात. ते मात्र निरुपद्रवी आहे.

लहान मूल रंग फिका झाला असे सांगत नाही, चित्रकलेच्या तासाला चुकीचा खडू उचलते. काही मुलग्यांना हा दोष जन्मतःच असतो. पण काल ओळखता येणारा रंग आज ओळखता येत नसेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत, क्षय औषधांना दाद देईनासा होतो. डॉक्टर ते एकच औषध थांबवू शकतात. वेळीच थांबवल्यास नजर पुष्कळदा सुधारते, उशिराने नुकसान कायमचे राहू शकते.

क्षयाचे नाव शाळेत कळू नये असे पालकांना वाटते, ते मी समजू शकतो. तरी वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्यावे, कारण फळा आणि खडू तिच्याच डोळ्यांसमोर असतात.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना चालू गोळ्यांची सर्व पाकिटे न्यावीत. खाजेसाठी परस्पर आणलेले थेंबही न्यावेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो.