वजन तेवढंच, ताकद मात्र कमी

सार्कोपेनिया (वयोमानाने स्नायूंचं प्रमाण आणि ताकद घटणं) हा हडकुळ्या म्हाताऱ्यांचाच आजार, असा समज सर्रास आढळतो. वजनाचा काटा हलला नाही की घरचे निर्धास्त होतात. पण भुईमुगाची शेंग बाहेरून टपोरी असली तरी दाणा पोचट निघू शकतो. तसंच स्नायू झिजून चरबी साठली, तर वजन जिथल्या तिथे राहतं. म्हणून आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांत आधी ताकद पाहतात. हाताची पकड पुरुषांत २८, स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरली, किंवा हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाचदा उठायला १२ सेकंद वा जास्त लागले, तर शंका घ्यावी. गुडघेदुखीनेही उठायला वेळ लागतो, हे खरंच. त्यासाठीच पुढे डेक्सा (हाडं, चरबी, स्नायू वेगवेगळे मोजणारी क्ष-किरण तपासणी) करून निदान पक्कं करतात.

‘वय झालं, आता निदान कशाला?’ असं कुणी विचारेल. झीज वयाबरोबर येते, पण ती सगळ्यांची सारखी नसते आणि व्यायामाला दादही देते. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात नव्वदीच्या वृद्धांच्या पायांची ताकद आठ आठवड्यांच्या वजनी व्यायामाने स्पष्टपणे वाढली होती.