स्वयंचलित गिअरबॉक्सचे शीतन : बाह्य कूलरचे योग्य स्थान
स्वयंचलित गिअरबॉक्समधील उष्णतेचा प्रमुख उगम टॉर्क कन्व्हर्टर हा होय. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या वेगांतील फरकामुळे त्यातील तेल घुसळले जाऊन तापते. चढणीवर जड ट्रेलर ओढताना विशेषच. सुमारे ९५ अंश सेल्सिअसपुढे दर ११ अंशांच्या वाढीस तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. मूळ कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीतच असल्याने तेथे तेल रेडिएटरमधील पाण्याहून थंड होऊ शकत नाही. म्हणून बाहेरून घेतलेला कूलर रेडिएटरनंतर, तेलाच्या परतीच्या नळीवर जोडणे इष्ट ठरते. रेडिएटर पूर्णपणे वगळल्यास अतिथंड प्रदेशांत तेल पुरेसे तापत नाही व घट्टच राहते. मोठ्या तेलपात्राने मात्र, विक्रेते काहीही म्हणोत, तेलाचे तापणे मुख्यतः लांबणीवर पडते.