जुन्या रिसीव्हरची खरखर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आरसीए कंपनीचा ‘एआर-८८’ हा १४ व्हॉल्व्हचा रिसीव्हर नीट राखला, तर आजही खणखणीत वाजतो. पण तो बेंगळुरूतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये लावला, की आधी ऐकू येते ती नुसती खरखर. दोष सेटच्या माथी मारला जातो. खरा चोर मात्र एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर असतो.

लघुलहरींवर सेटच्या आतल्या गोंगाटापेक्षा बाहेरचा गोंगाट सहसा जास्त असतो. त्यामुळे गेन वाढवला, तर सिग्नलबरोबर खरखरही वाढते. एरियल गच्चीवर न्यायला हवी. उदाहरणार्थ, साडेनऊ मेगाहर्ट्‌झसाठी एकूण सुमारे १५ मीटर तारेचा डायपोल पुरतो. मधोमध ‘बॅलन’ (balun) जोडून सिग्नल कोअॅक्स केबलने खाली आणावा. घरातले एकेक उपकरण बंद करून पाहिले, की गोंगाटाचा उगम सापडतो. पावसाळी गडगडाट सुरू झाला, की एरियल सेटपासून काढलीच पाहिजे.

मध्यमलहरींवर अडचण उलटी. आकाशवाणी बेंगळुरूचे ६१२ किलोहर्ट्‌झवरचे २०० किलोवॅटचे प्रक्षेपण जवळच असल्याने दूरची दुबळी केंद्रे दबून जातात. इथे आरएफ गेन कमी करावा आणि लूप एरियल फिरवून स्थानिक केंद्र सर्वांत क्षीण ऐकू येईल, त्या कोनात ठेवावी. हा उपाय फारच गुणकारी आहे.

सेट उघडायचाच झाला, तर गळके कागदी कपॅसिटर आधी बदलावेत. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर नवे मिळतात. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मगच आत हात घालावा.