दीड पिकोलिटरचा थेंब

बीड जिल्ह्यात वर्षाचे दोन भाग पडतात. एक साखर कारखान्यांच्या गाळपाचा आणि दुसरा गाळप नसतानाचा. केज तालुक्यातले नांदूरघाटही याला अपवाद नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. त्याआधीच्या दिवसांत घराघरांत कागदपत्रांची धावपळ सुरू होते. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह, बँकेचे केवायसी, रेशनकार्डावर नाव चढवणे, ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र अशी कामे निघतात आणि फोटो मागितला नाही असे काम विरळाच.

हे फोटो आज ज्या यंत्रातून निघतात, ते टेबलाच्या कोपऱ्यात मावते. त्याच्या अंगाला शाईच्या सहा टाक्या असतात. काळी, निळसर, किरमिजी आणि पिवळी या चार शाया ओळखीच्या. उरलेल्या दोन म्हणजे फिकट निळसर आणि फिकट किरमिजी. चार बाय सहा इंचाचा कागद मागून आत जातो आणि थोड्याच वेळात पुढून ओळीने आठ चेहरे घेऊन बाहेर येतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे बरोबर आठ फोटो त्या कागदावर बसतात. कात्रीने कापले, अर्जावर डकवले, की काम झाले.

हेच यंत्र घरी आणले तर काय होते? दुकानदार त्यातून पोट भरतो. घरात मात्र ते बऱ्याचदा एका बारशानंतर किंवा एका प्रोजेक्टच्या फाइलनंतर धूळ खात पडते आणि सहा महिन्यांनी भंगारात जाते. इंकजेट फोटो प्रिंटर चालत राहिला तरच टिकतो. घरातल्या माणसांचे फोटो कागदावर यायचे तर कुणालातरी ते नियमाने काढावे लागतात, आणि यंत्रालाही नेमके तेच हवे असते.

एप्सनचा एल ८०५ हा सहा रंगांचा प्रिंटर महाराष्ट्रातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये सर्रास दिसतो. त्याच्या हेडमधून पडणारा सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. गोल धरला तर या थेंबाचा व्यास साधारण १४ मायक्रॉन भरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम पाचवा हिस्सा. ७० मिलिलिटरच्या एका बाटलीत असे सुमारे ४,७०० कोटी थेंब मावतात.

हा थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत नळीतल्या शाईला क्षणभर एवढी उष्णता देतात की वाफेचा बुडबुडा फुगतो आणि पुढची शाई बाहेर ढकलतो. कॅननमध्ये १९७७ साली इचिरो एन्डो यांच्या नजरेस ही गोष्ट आली ती योगायोगाने. शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेले सोल्डरिंग आयर्न लागले आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली. त्यातूनच बबल जेट तंत्र घडले. त्याच सुमारास अमेरिकेत एचपीचे जॉन व्हॉट वेगळ्या वाटेने याच युक्तीपर्यंत पोहोचले होते, आणि १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट बाजारात आला. दुसऱ्या रीतीत उष्णता लागत नाही. पिझो स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. स्फटिकाचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८१ मध्ये प्रयोगाने दाखवला होता. एप्सनने तो हेडमध्ये बसवला आणि १९९४ च्या स्टायलस कलरमध्ये इंचाला ७२० ठिपके छापून दाखवले.

याचे मूळ आणखी मागे, दवाखान्यात सापडते. स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये शाईची बारीक धार उडवून आलेख काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. हृदयाच्या ठोक्यांसारख्या झरझर बदलणाऱ्या नोंदी कागदावर उतरवायला ते उपयोगी पडले. शरीरात बसवता येणारा पहिला पेसमेकर १९५८ मध्ये तयार करणारे अभियंतेही हेच.

फिकट रंगाच्या दोन टाक्या कशासाठी, याचे उत्तर चेहऱ्यात आहे. गालावरचा उजेडाचा भाग चारच शायांतून छापायचा तर गडद थेंब विरळ टाकावे लागतात. मग जवळून पाहिल्यावर त्वचेवर रवा उठून दिसतो. फिकट शाईचे थेंब दाट टाकता येतात, त्यामुळे कपाळापासून कानशिलापर्यंतची छटा सलग उतरते. उन्हात राबलेल्या चेहऱ्याच्या सावळ्या रंगात तांबूस, पिवळसर आणि निळसर अशा कितीतरी छटा असतात, आणि सहा शायांच्या यंत्रात त्या सगळ्या दाखवण्याची ताकद आहे. म्हणूनच एका क्लिकवर चेहरा गोरा करून देण्याची सवय खटकते. उसाच्या फडात उभा हंगाम काढलेल्या बाईचा फोटो पिठासारखा पांढरा काढला, तर तो तिचा राहत नाही. मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा फार उजळ ठेवला की छापील फोटो काळवंडल्यासारखा वाटतो आणि माणूस लगेच चेहरा उजळायला घेतो. आधी पडद्याचा उजेड कमी करावा, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आत घातलेल्या कागदाचाच प्रकार निवडावा, आणि मग पाहावे. बहुतेक वेळा चेहऱ्याला हात लावावाच लागत नाही.

फोटो कागदावर असणे ही या भागात एकेकाळी फार थोड्यांची गोष्ट होती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. पण तिथवर पोहोचायचे तर घराणे मोठे हवे. इकडे १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी साध्या घरांच्या भिंतींवर आल्या. देवांची चित्रे अशी स्वस्त झाली, तरी घरच्या माणसांना रंगीत कागदावर यायला पुढे कित्येक दशके लागली. रिळाच्या काळातही ३६ फोटो संपल्याशिवाय रीळ कॅमेऱ्यातून निघत नसे, मग ते शहरातल्या कलर लॅबला जायचे आणि फोटो हाती यायला आठवडा उलटायचा.

आता खिशातल्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात आणि तरीही घरातले वडीलधारे माणूस गेले की दशक्रियेसाठी एक चांगला फोटो सापडत नाही. शेवटी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून चौकटीत बसवला जातो. ओळखपत्रासाठी काढलेला तो इवलासा फोटो मोठा केला की डोळे धूसर होतात आणि ओठांची रेघ पुसट होते. आईचा, आजोबांचा चेहरा पुढच्या पिढीने असा का पाहावा? साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटोही ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तरी तो १३ बाय १० इंचापर्यंत स्वच्छ छापता येतो. हा हिशेब बिघडतो तो व्हॉट्सअॅपवर. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून त्याची लांब बाजू साधारण १,६०० ठिपक्यांवर येते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो मूळचा तसाच पोहोचतो. प्रिंटर कितीही चांगला असला तरी आत जाणारा फोटोच अर्धा असेल, तर त्याचा इलाज नसतो.

घरच्या प्रिंटरचा आणखी एक गुण आहे, आणि तो लेकीबाळींना लवकर पटतो. दुकानात फोटो काढायचे तर मोबाइल, पेनड्राइव्ह किंवा निदान सगळा अल्बम परक्या संगणकावर जातो. बाळंतिणीचे, ओटीभरणाचे, न्हाणीघरातल्या लेकराचे फोटो तिथे कुणाकुणाच्या नजरेखालून जातील, याची धास्ती असते. घरात छापलेला फोटो घरातच राहतो.

शाईच्या टाक्यांची गोष्ट कारागिरांच्या डोक्यातून निघाली आहे. पूर्वीच्या प्रिंटरला काही मिलिलिटर शाईची कार्ट्रिज असे आणि ती फार महाग पडे. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी सिरिंजने त्यात शाई भरायला सुरुवात केली, मग बाहेर बाटल्या लावून बारीक नळ्यांनी शाई आत नेली. आशियाभर हा उद्योग फोफावला. अखेर एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीवाले एल १०० आणि एल २०० हे प्रिंटर स्वतःच आणले, आणि पुढे ते भारतात आले. आज नांदूरघाटसारख्या गावात कुणी रंगीत फोटो छापायला धजावतो, तो या टाकीच्या भरवशावर.

पण टाकीत शाई भरलेली आहे म्हणून फोटो निघेलच असे नाही. शाई पाण्याची असते आणि हेडची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक. काम नसताना हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसतो, म्हणजे छिद्रांतली शाई वाळत नाही. प्रिंटर बटणाने बंद केला तरच तो तिथे नीट बसतो. भिंतीवरचा बोर्ड धाडकन बंद केला, किंवा छपाई सुरू असताना गावठाणाची वीज गेली, तर हेड अर्ध्या वाटेत उघडाच राहतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते. त्या उन्हाळ्यात उघडा राहिलेला हेड जाम व्हायला वेळ लागत नाही. मग फोटोवर आडव्या रेघा येतात. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत 'लाइन येते'.

अशा वेळी घाबरून पुन्हा पुन्हा हेड क्लीनिंग देणे हा चुकीचा उपाय आहे. प्रत्येक सफाईत यंत्र टाक्यांतली शाई ओढून आतल्या स्पंजच्या पॅडमध्ये सोडते. आधी साध्या कागदावर नोझल चेक काढावा. रंगांच्या तुटक रेघांच्या त्या जाळीत कोणत्या रंगाची रेघ गायब आहे ते दिसते. एखाद-दुसरी रेघ तुटली असेल तर एक सफाई द्यावी, पुन्हा तपासावे, नाहीतर रात्रभर प्रिंटर तसाच ठेवून सकाळी पाहावे. वाळलेली शाई कित्येकदा आपोआप सुटते. पॅड भरले की 'पॅड फुल्ल' म्हणून यंत्र थांबते आणि सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. नव्या अनेक मॉडेलमध्ये त्यासाठी घरी बदलता येणारी मेंटेनन्स बॉक्स असते. प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतला, वर कापड झाकले आणि आठवड्याला एक पूर्ण रंगीत फोटो काढला, तर यातल्या बहुतेक कटकटी उद्भवतच नाहीत. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला पन्नास फोटो. एका कुटुंबाचा वर्षाचा अल्बम तेवढ्यात भरतो, आणि हेडही वाहता राहतो.

छापलेला फोटो टिकतो किती? अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म यांनी सारे आयुष्य या प्रश्नाला वाहिले, आणि १९९३ मध्ये रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर सातशेवर पानांचा ग्रंथ काढला. २००० साली एप्सनच्या काही नव्या प्रिंटरांवरचे फोटो बघता बघता नारिंगी पडू लागले, तेव्हा उजेडाइतकाच हवेतला ओझोनही शाईचा वैरी आहे हे उघड झाले. त्याच वर्षी आलेल्या स्टायलस फोटो २००० पी मध्ये पिगमेंट शाई होती. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, रंगाला झळझळीत पण नाजूक. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात आणि ते उजेडाला नि हवेला जास्त दाद देत नाहीत. घरगुती टाकीवाल्या फोटो प्रिंटरांत बहुधा डाय शाईच असते. म्हणून फोटो काचेच्या चौकटीत लावावा, पण काच फोटोला चिकटू नये एवढे अंतर ठेवावे. दारासमोरच्या उन्हाच्या भिंतीवर तो टांगू नये, आणि चौकटीत घालण्याआधी एक दिवस मोकळा वाळू द्यावा. कागद १८० जीएसएमचा घ्यायचा की २७० चा, हा जाडीचा प्रश्न झाला. खरा फरक वरच्या थरात असतो. बारीक छिद्रांचा थर शाई लगेच शोषतो आणि पावसाळ्यात पत्र्यातून गळालेला एखादा थेंब सोसतो. साध्या थराचा स्वस्त कागद त्याच थेंबाने ओघळतो.

या यंत्राच्या जिवावर गावोगाव पीव्हीसी कार्डांचाही धंदा उभा राहिला. प्लास्टिकच्या कार्डाला शाई धरणारा थर देऊन, सीडी छापण्याच्या ट्रेच्या जागी वेगळा ट्रे लावून, आधार आणि मतदार ओळखपत्राच्या चकचकीत प्रती निघतात. जानेवारी २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाने सांगितले की बाजारातून छापून घेतलेली अशी कार्डे वापरू नयेत, कारण त्यांत सुरक्षेच्या खुणा नसतात. प्राधिकरण स्वतः शुल्क घेऊन कार्ड घरपोच देते; २०२२ मध्ये ते शुल्क ५० रुपये होते. गावातल्या माणसाने हे जाणून घ्यायला हवे, कारण दाखवायला देखणे असलेले कार्ड ऐन वेळी उपयोगी पडेलच असे नाही.

ज्या घरात महिन्याला दोन-चारच फोटो लागतात, त्यांनी प्रिंटर विकत घेण्याऐवजी गावातल्या स्टुडिओत किंवा बीडच्या लॅबमध्ये फोटो काढून घ्यावेत. तिथले यंत्र रोज चालते आणि रंगही बरे येतात. ज्यांना दर आठवड्याला काहीतरी छापायचे आहे, म्हणजे शिक्षकाचे घर, बचत गट, भजनी मंडळ, लेकरांचे वाढदिवस हौसेने करणारे कुटुंब, त्यांनी सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर घ्यावा. घेताना दुकानातच नोझल चेक काढून पाहावा. मूळ शाईच्या सहाही बाटल्या केजला किंवा अंबाजोगाईला मिळतात का आणि दुरुस्तीला जवळात जवळ कुठे जावे लागेल, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावे. आणि यंत्र घरी आले की पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाचा एक ए-४ फोटो काढावा, मागे मार्करने नाव आणि साल लिहावे.