जनुकविज्ञान : प्रयोगशाळेतून तालुक्याच्या दवाखान्यात

मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा तयार झाल्याची घोषणा २६ जून २००० रोजी झाली आणि एप्रिल २००३ मध्ये तो प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. आपल्या देशाने २०२० मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प हाती घेतला. त्यात ८० हून अधिक लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. या वार्ता वाचून आमच्या अनेक हितचिंतकांच्या मनात एक स्वाभाविक प्रश्न येतो. बाजारसावंगीहून किंवा गदान्याहून एस.टी.ने येणाऱ्या रुग्णाला या संशोधनाचा काय उपयोग? यंदाच्या अहवालात त्याचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. थोडक्यात सांगावयाचे तर उपयोग निश्चित आहे. मात्र त्यासाठी योग्य वेळी विचारलेला प्रश्न आणि योग्य आठवड्यात केलेली तपासणी यांची गरज यंत्रांहून अधिक आहे.

मुंबईत लागलेला एक शोध

आनुवंशिकतेचे संशोधन रोजच्या कामात कसे उतरते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईचे डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. भारतात साधारणतः १० हजारांत एका व्यक्तीचा हा गट असतो. नेहमीच्या तपासणीत असे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु त्या रुग्णास ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून रक्तपेढीत रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींबरोबरही तपासला जातो. त्या एका जादा नळीमागे जनुकांचे मोठे संशोधन उभे आहे, आणि खर्च मात्र नगण्य आहे. असा रुग्ण आढळल्यास रक्तदात्याचा शोध प्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांत घ्यावा लागतो, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकात तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते.

नात्यातील विवाह आणि ‘वाहक’

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून व दुसरी वडिलांकडून. अनेक आनुवंशिक आजारांत एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावून नेते. अशी व्यक्ती आजारी नसते. तिला ‘वाहक’ म्हणतात. आई व वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील असा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. मुस्लिम कुटुंबांत चुलत व मावस भावंडांतही सोयरीक होते. जमीन, विश्वास आणि माहेरचा आधार टिकावा हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु एकाच आजा-आजीकडून आलेला एकच दोष नवरा-बायको दोघांतही असण्याची शक्यता अशा विवाहांत वाढते. नाते नसले तरी शतकानुशतके एकाच जातीत विवाह होत राहिल्याने असे दोष त्या त्या समूहात साठत जातात. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूहांत हा परिणाम ठळकपणे आढळला. याचा कोणत्याही समाजाच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेशी काडीचाही संबंध नाही. असे दोष प्रत्येक समाजात असतात; फक्त ते निरनिराळे असतात.

रक्तक्षय की थॅलेसेमिया?

आमच्या प्रसूतिपूर्व विभागात रक्त कमी असलेल्या स्त्रिया रोज येतात. बहुतेकींना लोहाची कमतरता असते व लोहाच्या गोळ्यांनी गुण येतो. परंतु काही जणींचे हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही हलत नाही. त्यांच्यापैकी काही बीटा थॅलेसेमियाच्या वाहक असू शकतात. भारतात या दोषाच्या वाहकांचे सरासरी प्रमाण ३ ते ४ टक्के मानले जाते. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत ते अधिक आहे. पण इतरांनी निर्धास्त राहावे असे नाही.

वाहक स्त्रीला स्वतःला फारसा त्रास नसतो. प्रश्न बाळाचा असतो. पतीही वाहक असेल आणि बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळाल्या, तर सहसा दुसरा वाढदिवस होण्यापूर्वीच बाळ फिकट पडू लागते आणि त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. वारंवारच्या रक्तामुळे साठणारे लोह काढण्यासाठी जन्मभर औषधे लागतात. हाताच्या पोटावर असलेल्या कुटुंबास महिन्यातून एक-दोन वेळा रोजगार बुडवून शहरात जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

प्राथमिक तपासणी मात्र साधी आहे. मिठाच्या ०.३६ टक्के द्रावणात रक्ताचा थेंब मिसळून नळी अर्धा तास ठेवतात व पांढऱ्या कागदावरील काळ्या रेघेसमोर धरतात. रेघ स्पष्ट दिसली तर चिंता नसते. अंधुक दिसली तर पुढील तपासणी हवी, कारण वाहकाच्या लाल पेशी या द्रावणात सहजी फुटत नाहीत व नळी गढूळ राहते. लोहाच्या कमतरतेतही असे होऊ शकते. म्हणून रक्ताचा नमुना शहरातील प्रयोगशाळेत पाठवून हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण पाहतात. ते साधारणतः ४ टक्के वा अधिक असल्यास ती स्त्री वाहक ठरते. मग पतीची तपासणी होते. दोघेही वाहक असतील तरच ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म अंश, किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल घेऊन नोंदणीकृत केंद्रात गर्भाच्या जनुकांची तपासणी करता येते. गर्भलिंग विचारणे व सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे अशा वेळीही लक्षात ठेवावयाचे.

ही सारी साखळी वेळेवर अवलंबून आहे. पाचव्या महिन्यात प्रथमच दवाखान्याची पायरी चढणाऱ्या भगिनीपुढील मार्ग फार अरुंद झालेले असतात. म्हणून पहिल्या १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करण्याचा आमचा आग्रह आहे.

औषध देण्यापूर्वीचा प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वी आमचे भूलतज्ज्ञ ‘घरात कोणाला भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागला होता काय?’ असे आवर्जून विचारतात. स्कोलिन या औषधाने सैल पडलेले स्नायू सामान्यतः काही मिनिटांत पूर्ववत होतात. शरीरात एक विशिष्ट विकर कमी असणाऱ्यांना मात्र काही तास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. आर्य वैश्य समाजात हा दोष तुलनेने अधिक आढळतो, आणि मराठवाड्यात या समाजाची वस्ती जुनी आहे. आधी माहीत असेल तर दुसरे औषध निवडता येते.

तसेच जी-६-पी-डी या विकराच्या कमतरतेचे. हा दोष प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. अशा रुग्णास हिवतापावरील प्रायमाक्विन दिल्यास लाल पेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळाला पेटीतील डांबरगोळ्यांचा वास लागलेले कपडे घातल्यानेही तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतविडा स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावा, या आमच्या परिचारिकांच्या सूचनेमागे हेही एक कारण आहे.

माहिती कोणाची?

या कार्यातील सर्वांत नाजूक भाग प्रयोगशाळेबाहेर आहे. ‘वाहक’ हा शब्द गावात पोहोचला की मुलीची सोयरीक मोडू शकते आणि आजारी बाळाचा सारा दोष सुनेच्या माथी मारला जाऊ शकतो. वास्तविक या आजारात आई-वडिलांचा वाटा अगदी समान असतो. सायप्रस या लहानशा देशात थॅलेसेमियाचे प्रमाण फार होते. तेथे विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. त्यावर तपासणी व समुपदेशन झाल्याची नोंद असते, निष्कर्ष मात्र त्या दोघांपुरता राहतो. तेथील आजारी बालकांचे जन्म जवळजवळ थांबले, आणि लग्ने मात्र बहुतांशी ठरल्याप्रमाणेच झाली.

आपल्याकडे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी बांधवांमधील सिकलसेल आजारावर अनेक दशके काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अशा मोहिमांचे यश, तपासणीनंतर त्या व्यक्तीशी कोण, कोठे आणि कोणत्या शब्दांत बोलतो यावर ठरते. म्हणूनच निष्कर्ष प्रथम त्या व्यक्तीस एकांतात सांगावा, तिच्या संमतीवाचून सासरी वा माहेरी कळवू नये आणि निर्णय दांपत्यावर सोडावा, हा नियम आम्ही पाळतो.

वाचकांस विनंती

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून तीन पिढ्यांची वंशावळ एका कागदावर उतरवावी. कोणाची सोयरीक नात्यात झाली, कोणाचे मूल लहानपणी गेले, कोणाला वारंवार रक्त द्यावे लागले, कोणाला कोणते औषध बाधले, एवढे त्यात असावे. वृद्ध मंडळींसोबत ही माहितीही जाते आणि मग ती कोणत्याही यंत्राला सापडत नाही. पुढील वेळी रुग्णालयात येताना हा कागद केसपेपरसोबत आणावा. घरात लग्न ठरत असेल, तर मुहूर्तापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. आपल्या या सहकार्यावाचून जगातील कोणतेही संशोधन खुलताबादच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी आमची नम्र धारणा आहे.