खोक्याचे मोल, साच्याचे वय

प्लास्टिकच्या रणगाड्यांची किट जमवणाऱ्यांच्या घरात जोडून रंगवलेल्या रणगाड्यांपेक्षा न उघडलेली खोकीच बहुधा जास्त असतात. घरच्यांनी विचारले की उत्तर तयार असते: ही गुंतवणूक आहे, किट मिळेनासे झाले की याचे दुप्पट पैसे येतील. हौसेपोटी खोकी जमवायला कुणाची हरकत असू नये. पण गुंतवणुकीचा हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो, आणि तो का चुकतो हे समजायला ही वस्तू तयार कशी होते ते पाहावे लागते.

वितळलेले पॉलिस्टिरीन मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात. ते थंड झाले की चाके, झाकणे, तोफेची नळी असे सुटे भाग लगडलेली चौकट बाहेर येते; हौशी मंडळी तिला स्प्रू म्हणतात. यातले प्लास्टिक स्वस्त, पुठ्ठाही स्वस्त. खरा पैसा ओतलेला असतो तो मूळ गाडीची मापे घेण्यात, आराखड्यात आणि पोलाद कोरण्यात. एकदा तो खर्च झाला की साचा दशकानुदशके चालतो. कारखाना मात्र एकच साचा वर्षभर यंत्रावर ठेवत नाही. एक खेप काढायची, साचा कोठारात ठेवायचा आणि दुसरा चढवायचा. म्हणून एखादे किट काही वर्षे दुकानांतून गायब होते, जुन्या मालाच्या बाजारात त्याचा भाव चढतो आणि जमवणाऱ्याला वाटते, वस्तू दुर्मीळ झाली. साचा तर कोठारात शाबूत असतो, आणि मागणी दिसली की कंपनी तो पुन्हा बाहेर काढणारच. मोदकाचा साचा घरात असताना कालचा मोदक तिजोरीत ठेवण्यासारखेच हे आहे.

साच्याचे गणित या छंदात किती मुरले आहे, हे त्याच्या मापावरूनही दिसते. जपानमधील शिझुओका इथे लाकडाच्या व्यवसायातून पुढे आलेल्या तामिया कंपनीने १९६१मध्ये जर्मन पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे मॉडेल काढले. पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, यावरून त्याचा आकार ठरला. मागाहून मोजले तेव्हा तो मूळ गाडीच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. एवढ्या अपघाती मापावर तामियाने पुढची मालिका उभी केली. मग इटलीची इटालेरी, हाँगकाँगची ड्रॅगन, युक्रेनची मिनीआर्ट याच मापाने गाड्या करू लागल्या, कारण फळीवर शेजारी मांडलेले रणगाडे एका मापाचेच शोभतात. तोफेची पुढे आलेली नळी सोडली तर जवळपास सात मीटरचा पँथर या मापात वीस सेंटिमीटरांचा होतो.

कंपन्या बुडतात, पण साचे सहसा बुडत नाहीत. विमानांच्या किटसाठी नावाजलेल्या फ्रॉग या ब्रिटिश कंपनीचे साचे १९७०च्या दशकात सोव्हिएत संघात गेले आणि नोव्हो नावाच्या खोक्यांतून तीच विमाने परत बाजारात आली. शत्रुपक्षाच्या, म्हणजे जर्मन-जपानी विमानांचे साचे सोव्हिएतांना नको होते, ते रिव्हेलने उचलले. (विचारसरणी पोलादालाही सोडत नाही.) एअरफिक्स १९८१मध्ये दिवाळखोरीत गेली, मालक बदलत २००६मध्ये हॉर्नबीकडे आली, आणि आज तिचे कित्येक दशकांपूर्वीचे छोटे रणगाडे ‘व्हिंटेज क्लासिक्स’ म्हणून उघडपणे विकले जातात. सगळेच इतके उघडपणे सांगत नाहीत. एस्सी या इटालियन कंपनीचे साचे फिरत फिरत इटालेरीकडे पोहोचले, आणि इटालेरीचे भाग इतर कंपन्यांच्या खोक्यांतही सापडतात. त्यामुळे खोके यंदाचे आणि आतला रणगाडा पन्नास वर्षांपूर्वीचा, असे सर्रास होते. घेताना खोक्यावरचे साल पाहण्याऐवजी साचा कधीचा आहे हे शोधावे. जुना साचा वाईटच असतो असे नाही. पण नव्या साच्याचे पैसे त्याला कशाला द्यायचे?

यावर कुणी म्हणेल, काही किटना खरोखरच मोठी किंमत येते. येते. मोजक्याच प्रती निघालेली रेझिनची किट, किंवा ज्यांचा साचा हरवला वा मोडला अशी. पण त्याच गाडीचा नवा, अधिक अचूक साचा दुसऱ्या कंपनीने जाहीर केला की जोडण्यासाठी किट शोधणारा गिऱ्हाईक जुन्याकडे पाठ फिरवतो. उरतो तो खोक्यावरच्या चित्राचा चाहता, आणि त्याची हौस अगदी रास्त आहे. तामियाच्या त्या पहिल्या पँथरचे चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांनी काढले होते. असे खोके जपणारा माणूस मुद्रित चित्र जपतो आहे. त्याने तसेच म्हणावे, गुंतवणुकीची सबब कशाला?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतात ही किट बहुतेक परदेशातून येतात. टपालखर्च आणि आयात शुल्क जोडले की आकडा फुगतो, आणि आलेली खेप संपली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून दिसले की घ्यावे, हे मला पटते, पण ते जोडायचे ठरवले असेल तेव्हाच. १९६५च्या युद्धातले सेंच्युरियन आणि पॅटन करायचे असतील, तर दोन्ही मिळाले की घ्यावेत आणि रंग देण्याआधी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन खऱ्या गाड्या न्याहाळाव्यात. तिथल्या एका फेरीत पोलादाचे सांधे, चाकांची जाडी यांविषयी जे कळते, ते चार खोकी जास्त घेऊन कळणार नाही.

शिवाय खोके पडून राहते, तसा आतला मालही तसाच राहतो असे नाही. डिकॅल, म्हणजे गाडीवरची चिन्हे आणि आकडे उमटवायचे कागद, पिवळे पडतात, पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांना जपणे अवघडच. काही जुन्या किटमधले मऊ व्हिनिलचे पट्टे तर शेजारच्या कडक प्लास्टिकवर परिणाम करतात आणि जिथे टेकतात तिथे ते वितळल्यासारखे होते. तेव्हा किट आणल्या दिवशीच खोके उघडावे, भाग मोजावेत आणि पट्टे वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत. सील फुटले म्हणून गिऱ्हाईक दोन पैसे कमी देईल, तर देऊ द्यावे.